‘गादी पुन्हा वाढवा’ हा फलक आधी उतरवा

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
वडोदऱ्यातली सर्व मराठी मंडळं

विषय: मंडळांच्या सभागृहांत भरणारी गुडघेदुखीची शिबिरं आणि तिथे विकलं जाणारं ‘जेल’

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आपल्यापैकी एका मंडळाच्या सभागृहात गुडघेदुखीचं मोफत तपासणी शिबिर झालं. कुठलं मंडळ ते लिहीत नाही. शिबिर घेणारा दवाखानाही सांगत नाही, कारण माझं भांडण त्या एकाशी नाही. महिन्याभराने दुसऱ्या सभागृहात तसलाच फलक लागलेला मी पाहिला. गणपतीत आपली मुलं जिथे नाटुकली करतात त्या रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर तो टाचला होता: ‘ऑपरेशन टाळा. गुडघ्याची गादी पुन्हा वाढवा. टिश्यू इंजिनिअरिंग जेल, एकच इंजेक्शन.’ खाली उजव्या कोपऱ्यात मंडळाचं बोधचिन्ह. दारात तिळगूळ आणि मसाला दूध.

संक्रांतीनंतरच्या त्या शिबिरात पहिल्या रांगेत माझी आत्या होती. वय ७४, राहणार रावपुरा, जुन्या घराचा पहिला मजला. चार वर्षांपासून ती जिना आडवी होऊन उतरते, कठडा दोन्ही हातांनी धरून, खेकड्यासारखी. ‘घसारो लागलाय’ (म्हणजे झीज झालीय) हे तिचं स्वतःचं निदान, अर्धं गुजराती, अर्धं मराठी आणि बरंचसं बरोबर. डॉक्टरांवर तिचा सहसा विश्वास बसत नाही. पण त्या दिवशी फोनवर म्हणाली, “अगं, मंडळाने बोलावलंय म्हणजे पारखूनच बोलावलं असेल ना.”

हे पत्र मी डॉक्टरांच्या संघटनेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, ते या एका वाक्यामुळे.

दोन्ही गुडघ्यांचे मिळून ४४ हजार झाले. त्यासाठी एक मुदतठेव मोडली. फेब्रुवारीत तिला खरंच बरं वाटलं. खंडेराव मार्केटपर्यंत चालत जाऊन भाजी घेऊन आली आणि मला मुद्दाम फोन करून मेथीचा भाव सांगितला. एप्रिलच्या शेवटी पुन्हा खेकडा. दवाखान्यात विचारलं तर उत्तर आलं: गादी वाढायला लागली आहे, अजून एक डोस लागेल.

मग तिने मला खोकं दाखवलं. आत्या काहीही टाकून देत नाही. इंजेक्शनचं रिकामं खोकं तिने मागून आणलं होतं आणि त्यात शिवणाची रिळं ठेवली होती. मी रिळं ताटलीत ओतली, भिंग धरलं आणि बाजूची बारीक अक्षरं वाचली. सोडियम हायालुरोनेट. निर्जंतुक. भरलेली सिरिंज. सांध्यात टोचण्यासाठी. ‘टिश्यू’ हा शब्द खोक्याच्या सहा बाजूंपैकी एकीवरही नव्हता. कंपनीने खोटं काही छापलेलं नव्हतं. खोटं होतं ते आपल्या पडद्यावर.

मी डॉक्टर नाही, तेव्हा कुणाच्या गुडघ्याला काय करावं हे सांगणार नाही. एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली आणि त्यातली निम्मी जेलं ढवळण्यात, मोजण्यात आणि नापास करण्यात गेली. त्यामुळे सिरिंजमध्ये काय आहे आणि काय नाही, एवढं बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते.

हायालुरोनेट हा पदार्थ वाईट नाही. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळा काढला. आपल्या सांध्यांतल्या वंगणातही तो असतोच, आणि झिजलेल्या सांध्यात तो पातळ होत जातो. मग बाहेरून भरावा, ही कल्पना सरळ आहे. अमेरिकेत गुडघ्यासाठी त्याला १९९७ मध्ये परवानगी मिळाली. (पूर्वी तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, आता बराचसा जिवाणूंकडून करून घेतात. खोक्यातला कुठला ते मी आत्याला सांगितलेलं नाही. तिचे उपास कडक असतात.) लोक याला ‘गुडघ्यात ग्रीस भरणं’ म्हणतात, आणि हे बोलणं आपल्या फलकापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. ग्रीस भरल्याने चाक काही दिवस कमी कुरकुरतं. बेअरिंग नवं होत नाही.

तेही कुरकुरणं किती कमी होतं, यावर तज्ज्ञांत वाद आहे. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक दशकांच्या चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या: नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांच्या तुलनेत वेदनेत पडलेला फरक इतका थोडा, की रुग्णाला तो जाणवेल असं म्हणता येत नाही, आणि गंभीर दुष्परिणाम मात्र थोडे जास्त. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची त्याच वर्षीची मार्गदर्शक सूचना तर सरळच आहे: झिजेच्या संधिवातासाठी हे इंजेक्शन देऊ करू नका. अमेरिकेतल्या अस्थिशल्यतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये सरसकट वापराला नकार दिला. दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये अटी घालून दार किलकिलं ठेवलं आहे. तेव्हा एखाद्या डॉक्टरने विचारपूर्वक, रुग्णाला नीट सांगून ते दिलं तर मी त्याला लबाड म्हणणार नाही. आत्याचे ते दोन महिने बरे गेले हेही खरं. पण यांपैकी कुणीही, बाजूने असो वा विरुद्ध, ‘गादी पुन्हा वाढते’ असं म्हटलेलं नाही.

मग हा शब्द फलकावर आला कुठून? तो टिश्यू इंजिनिअरिंग, म्हणजे शरीराचा झिजलेला भाग पेशींकडून पुन्हा बांधून घेणं, या एका खऱ्या, देखण्या आणि अजून बऱ्याच अंशी अपुऱ्या शास्त्रातून उचलला आहे. त्या शास्त्राबद्दल मला माया आहे, म्हणून राग जास्त येतो.

जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं जाळं. सब्जा भिजवला की दाण्याभोवती जो पारदर्शक गोळा धरतो, तो जेलच. लांबच लांब रेणू एकमेकांत अडकतात, जागोजागी गाठी पडतात आणि मधल्या पोकळ्यांत पाणी कोंडलं जातं. वजनात बहुतेक पाणीच असतं, तरी ते ओघळत नाही. माणसाच्या शरीराला चालेल असं जेल प्रागच्या ऑटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली जगापुढे मांडलं. पुढच्या वर्षी नाताळात विख्तर्लेने मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या टेबलावर यंत्र उभारलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. ते जेल विरघळत नसे. डोळ्यावर बसायचं आणि रात्री काढून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. टिश्यू इंजिनिअरिंगवाल्यांना हवं आहे ते याच्या पुष्कळ पुढचं: सुईतून आत जावं, आत गेल्यावर घट्ट व्हावं, पेशींना राहायला घर द्यावं आणि पेशींनी स्वतःचं घर बांधलं की मुकाट निघून जावं.

सुईत पातळ आणि अंगात घट्ट, हे ऐकून जादू वाटते. वाटू नये, कारण आपल्या घरात खरवस होतो. चीक थंड असताना दुधासारखा ओतता येतो. वाफ लागली की प्रथिनं उलगडतात, एकमेकांना धरतात आणि वडी पडते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून कायटोसान नावाचा पदार्थ काढतात (आत्याच्या खेकड्याशी असा शेवटी संबंध आलाच). त्यात ग्लिसरोफॉस्फेट हा क्षार योग्य मापाने मिसळला तर थंडीत ते पातळ राहतं आणि ३७ अंशांना, म्हणजे नुसत्या अंगाच्या उबेला, घट्ट होतं. वाफेची गरज नाही. दुसरा प्रकार चकलीच्या पिठासारखा. सोऱ्यात दाब दिला की वाहतं, कागदावर पडलं की आकार धरतं. सुईतून पेशी नुसत्या पाण्यात ढकलल्या तर अरुंद जागेतल्या ओढाताणीने त्यातल्या पुष्कळ मरतात. अशा पिठासारख्या जेलच्या पोटात बसवल्या तर त्या बऱ्याच जपल्या जातात.

प्रयोगशाळेत नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी एक खेळ दाखवायचे. पोलोक्सामर नावाच्या पदार्थाचं साधारण २० टक्क्यांचं द्रावण फ्रिजमध्ये ठेवलेलं असे. परीक्षानळी बाहेर काढून तिरकी केली की आत पाणीच हलतंय असं दिसे. मग ती नळी मुलीच्या मुठीत द्यायची, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि दोन-तीन मिनिटांनी म्हणायचं, आता उलटी कर. थेंब पडायचा नाही. बर्फात ठेवली की पुन्हा पाणी. चेहरे बघण्यासारखे होत. एकदा एकीने विचारलं, “मॅडम, मग हे गुडघ्यात घातलं तर?” तिला मी बाटलीभर पाणी दिलं आणि त्या घट्ट गोळ्यावर ओतून टेबलावर ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोळा नव्हता. पाण्याने त्याला हळूहळू खाऊन टाकलं होतं.

घट्ट करणं हा यातला सोपा भाग आहे. कठीण भाग वेळापत्रकाचा.

घराचा स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात. बल्ल्या लवकर काढल्या तर स्लॅब बसतो. काढल्याच नाहीत तर घरात राहायचं कुठे? पेशींसाठी बांधलेल्या जेलचं अगदी तसंच. काही जेलांच्या गाठी अशा बांधलेल्या असतात की पाणीच त्या हळूहळू तोडतं आणि उरतं लॅक्टिक ॲसिड, आपल्या दह्यातलंच. पण खूप जाळं एकदम तुटलं तर आतल्या जागेत आंबटपणा साठतो आणि पेशींना तो सोसत नाही. काही जेलं शरीरातली विकरं (एन्झाइम) कुरतडतात. ती किती वेगाने कुरतडतील हे माणसागणिक बदलतं, आणि सुजलेल्या सांध्यात तर वेग आणखीच वाढतो. समुद्री शेवाळातून येणाऱ्या अल्जिनेटला कापणारं विकर आपल्या अंगात नाहीच, त्यामुळे रसायनशास्त्रज्ञांना ते आधीच थोडं खिळखिळं करून पाठवावं लागतं. गाठ मारण्यासाठी वापरलेलं रसायन विषारी नको. घट्ट होताना उष्णता निघायला नको. निर्जंतुक करताना जाळं तुटायला नको. यांतल्या प्रत्येक ‘नको’पायी कुणाच्या तरी आयुष्याची वर्षं गेली आहेत.

वेळापत्रक नेमकं जमलेली उदाहरणं आहेत, नाही असं नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाला किरणोपचार देताना शेजारच्या गुदाशयाला चटका बसू नये म्हणून दोहोंच्या मध्ये टोचायचं एक जेल अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. दोन द्रव सुईच्या तोंडाशी एकत्र येतात, काही सेकंदांत घट्ट होतात, साधारण तीन महिने जागा अडवून ठेवतात आणि सहाएक महिन्यांत शरीर ते शोषून टाकतं. सुंदर काम आहे. पण त्याला उगवायचं काहीच नव्हतं. फक्त बसून राहायचं होतं आणि उठून जायचं होतं.

गुडघ्यात उगवायचं आहे, आणि उगवायचं आहे ती कूर्चा. आपण जिला गादी म्हणतो ती. गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर ती काही मिलिमीटर जाडीची असते, बहुतेक पाणी, कोलॅजनचे धागे आणि अगदी विरळ पेशी. तिच्यात रक्तवाहिनी नाही. बोट कापलं तर रक्त येतं आणि त्या रक्तातूनच दुरुस्तीची माणसं पोचतात; कूर्चा फाटली तर तिथे कुणीच पोचत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. आणि ज्या जागेवर ही शेती करायची ती जागा कशी, तर साधं चालतानाही शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार घेणारी, जिन्यावर त्याहून जास्त.

तरी लोक मागे हटले नाहीत. मघाशी सांगितलेलं कायटोसानचं मिश्रण रुग्णाच्याच रक्तात कालवून कूर्चेच्या खड्ड्यात भरायची पद्धत निघाली. ८० रुग्णांवर नीट चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली. अर्ध्यांना नेहमीची शस्त्रक्रिया, म्हणजे हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर येऊ देणं. अर्ध्यांना तीच शस्त्रक्रिया आणि वर हे जेल. २०१३ मध्ये निकाल छापला गेला. वर्षभराने जेलवाल्यांचे खड्डे जास्त भरलेले होते आणि भरलेला भाग जास्त चांगल्या प्रतीचा होता. वेदना आणि चालणं? दोन्ही गटांत सारखंच.

हा निकाल मी तीन वेळा वाचला. यात शास्त्राची हार नाही. उलट ‘खड्डा भरला पण दुखणं तेवढंच’ हे छापायला हिंमत लागते. पण फलकाशेजारी ठेवून बघा. ते रुग्ण तरुण किंवा मध्यमवयीन होते, कुणाला पडून-खेळून एका जागी खड्डा पडलेला. जेल भरायला गुडघा उघडावा लागला. आत्याचा गुडघा म्हणजे एक खड्डा पडलेला रस्ता नव्हे. तिथे डांबर सगळीकडूनच गेलंय, खालची खडी हललीय आणि कडेच्या गटारातही बिघाड आहे. झिजेच्या संधिवातात हाड, सांध्याचं अस्तर, स्नायू, सगळंच आजारी असतं. अशा सांध्यात बाहेरून सुईने सोडलेला पातळ पदार्थ झिजलेल्या पृष्ठभागावर नेमका जाऊन चिकटत नाही. तो वंगणात मिसळतो आणि काही दिवसांत निघून जातो.

“पण मॅडम, हायालुरोनिक ॲसिडपासूनच टिश्यू इंजिनिअरिंगची जेलं करतात की,” असं मला त्या दवाखान्यातल्या समन्वयकाने ऐकवलं. करतात. त्याच्या रेणूंना नव्या गाठी जोडून, पेशी घालून, फार कष्टाने करतात. ताक आणि खरवस दोन्ही दुधाचेच. म्हणून ताकाच्या पेल्यावर खरवसाची किंमत लावता येत नाही.

पैशांचं दुःख आत्याने पचवलं. मला न पचलेली गोष्ट वेगळी. इंजेक्शनच्या दिवशी तिला सांगितलं गेलं की ‘जेल बसू द्या’, फार हालचाल नको. एक-दोन दिवसांची विश्रांती सगळेच सांगतात. पण गादी उगवतेय म्हटल्यावर आत्याने तिला रोपासारखं जपलं. मेथीचा भाव कळवला त्यानंतर आठवड्याभरात ती मार्केटला जायची थांबली. रोज संध्याकाळी सूरसागरच्या कडेने मारायची ती फेरीसुद्धा. झिजलेल्या गुडघ्यासाठी जी एक गोष्ट ‘नाइस’पासून सगळे पहिल्या क्रमांकावर सांगतात, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि चालणं, नेमकी तीच त्या फलकाने बंद पाडली. तीन महिन्यांत मांड्या सुकल्या. आणि ज्या शल्यतज्ज्ञाकडे सांधा बदलण्याविषयी विचारायला मी तिला नेणार होते त्याची वेळ तिने रद्द केली: “उगवतंय तर कापायचं कशाला?”

दुसरं, तिने सही केलेला कागद. इंग्रजीत, दोन पानी. आत्या मराठी वाचते, गुजराती वाचते, इंग्रजीत ती फक्त सही करते. आपल्याच गावात १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढलं. तिथले पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर स्वतः रसायनशास्त्रज्ञ, मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं तेव्हा ते डाग काढून दाखवणारे. शास्त्र आणि कारागिरी लोकांच्या भाषेत शिकवावी हा त्यांचा आग्रह. कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले हे आपण प्रत्येक वर्धापनदिनाच्या भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. आणि त्याच सभागृहात एका म्हातारीच्या गुडघ्यात काय जाणार आहे हे तिला वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिलेलं चालवून घेतो.

आता मागणं. शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही. रक्तदाब, साखर, डोळे, यांच्या शिबिरांनी आपल्या पुष्कळ लोकांचं भलं झालं आहे. पण जिथे काही टोचलं जाणार असेल, किंवा टोचून घ्यायला नंतर बोलावलं जाणार असेल, तिथे शिबिराच्या आठ दिवस आधी त्या औषधाच्या खोक्याची छायाप्रत मंडळाच्या कचेरीत आली पाहिजे. खोक्यावर जे नाव आहे तेच पत्रकावर, मराठीत आणि गुजरातीत, आणि त्याखाली तीन साध्या प्रश्नांची उत्तरं: हे वंगण आहे, आधार आहे की यात जिवंत पेशी आहेत? शरीरात किती दिवस राहतं? यामुळे नवीन काही उगवतं का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पडद्यावर ‘वाढवा’ हा शब्द येणार नाही. ‘हो’ असेल आणि ‘हे अगदी नवं संशोधन आहे’ असं सांगितलं गेलं, तर त्यांच्याकडे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून आपल्या देशात औषधाच्या चाचणीची नोंद रुग्ण घेण्याआधी करावी लागते, आणि ती यादी कुणालाही घरबसल्या बघता येते. त्यातही मूळ पेशींचं (स्टेम सेलचं) नाव निघालं तर इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: चाचणी म्हणून देत असाल तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. नोंदणी क्रमांक नाही आणि पावती मात्र आहे, असं दिसलं की सभागृहाची किल्ली देऊ नका.

आणि सभागृहात त्याच दिवशी आगाऊ रक्कम घेणं बंद. घरी जाऊ द्या माणसाला, मुलाशी, सुनेशी, शेजारच्या डॉक्टरशी बोलू द्या.

एका सचिवांशी मी हे तोंडी बोलले तेव्हा ते म्हणाले, “ताई, आपण विज्ञानाच्या विरोधात आहोत असं वाटेल.” मला हसू आलं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची झडप केली तेव्हा आधीचे नमुने फसले, ते त्यांनी बाजूला ठेवले, पुन्हा केले, आणि १९९० मध्ये कुठे पहिली झडप माणसात बसली. विज्ञान असं चालतं. उद्या खरोखरच गुडघ्यात कूर्चा उगवणारं जेल आलं, आणि ते येऊ शकेल असं मला मनापासून वाटतं, तेव्हा आपल्या लोकांना ते सांगायला कुठला शब्द उरणार आहे? तो आपण ४४ हजारांत आधीच खपवला.

एक गोष्ट मात्र या महिन्यातच करता येईल आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. सभागृह सकाळी सहा ते आठ रिकामं असतं. खुर्च्या भिंतीला लावलेल्या असतातच. एका फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून तीनदा बोलवा. खुर्चीवर बसून पाय सरळ करणं, मोजून उठणं-बसणं, एवढंच. माझी आत्या जूनपासून घरी हेच करते आहे, एका पायाला दहा, दुसऱ्याला आठ, मोजताना चुकली की पुन्हा पहिल्यापासून. जिना अजून आडवाच उतरते, पण एक हात कठड्यावरून सुटला आहे आणि त्या हातात पिशवी असते. चारचौघींत केलं तर ती चुकवणार नाही. वर चहा ठेवलात तर वेळेआधी येईल.

पुढच्या शिबिराचं पत्रक छापायला टाकण्याआधी कच्चा मसुदा माझ्याकडे पाठवा. दुपारी चारनंतर मी घरी असते, भिंग हाताशी असतं. नमुना म्हणून आत्याचं खोकं मात्र मागू नका. त्यात पुन्हा रिळं भरली आहेत.

आपली,
एक आजीव सभासद
दांडिया बाजार, वडोदरा